तीन दिवसांचा किनारा

आई,

गेला आठवडाभर मी पुन्हा त्या रस्त्यावर आहे, कामासाठी. माझं काम तुला कधी नीट कळलं नाही आणि तू होतीस तोवर मीही ते नीट सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. समुद्रावरून वादळ येऊन गेलं की विमा कंपनी मला त्या भागात पाठवते. उडालेली छपरं, फुगलेल्या भिंती, गाळ बसलेली स्वयंपाकघरं मी बघते, फोटो काढते आणि काय काय तुटलं ते लिहून देते. त्या फॉर्ममध्ये हळहळीला रकाना नाही, आणि मला तो कधी हवा आहे असं वाटलंही नाही. लोक म्हणतात, तुझा स्वभाव कोरडा आहे. असेल. सेंट ऑगस्टीनमध्ये ज्या मोटेलमध्ये उतरले आहे त्याच्या लॉबीत लाकडी स्टँडवर माहितीपत्रकं लावलेली होती: किल्ला, दीपस्तंभ, तारुण्याचा झरा, मगरी, डॉल्फिन. फोटो नवे होते, पण यादी तीच. आपल्या ट्रिपआधी बाबांनी ती यादी एका कागदावर मैलांसकट लिहून काढली होती आणि तू त्या कागदाला 'बाबांची पोथी' म्हणायचीस. मी कॉफी घेऊन त्या स्टँडसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण काउंटरवरच्या मुलीने विचारलं की मी हरवले आहे का. मी नाही म्हटलं. खोलीत आले आणि हे लिहायला बसले.

त्या ट्रिपचं दोनदा ठरून मोडलं होतं. एकदा गिरणीत डाईंगच्या मशीनचं काही निघालं आणि बाबांना रजा मिळाली नाही, एकदा मला कांजिण्या आल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं तू प्रत्येकाला फोनवर सांगायचीस, आणि ते सांगताना हसायचीस, पण तुला किती जायचं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. तू वेंगुर्ल्याची. साउथ कॅरोलायनाच्या डोंगराकडच्या त्या गिरणीच्या गावात येऊन तुला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत तू समुद्र पाहिला नव्हतास. आजोबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. आपण दक्षिणेच्या किनाऱ्याने जाणार असं तू कळवलंस, तर त्यांचं उत्तर म्हणजे प्रश्नपत्रिकाच आली. तिथला किनारा खडकाळ की वाळूचा? खाडीच्या तोंडाशी खाजण आहे का? किनाऱ्यालगत कोणती झाडं वाढतात? भरती-ओहोटीत पाणी किती हात सरकतं? तू ते पत्र पर्समध्ये ठेवलंस आणि मला म्हणालीस, पेपर सोडवायचाय गं, अण्णा मार्क कापतात. दर रविवारी निळ्या एरोग्रामवर मला आजोबांना दहा ओळी लिहायला लावून तू मला मराठी शिकवलंस, तेव्हा ते मार्क कापतात हे मलाही ठाऊक होतं. माझं एक पत्र त्यांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. बाबांनी स्वयंपाकघरातला उचलला आणि मी, दहा वर्षांच्या कुठल्याही आगाऊ मुलीप्रमाणे, वरच्या मजल्यावरचा. कोल्हापूरहून मामा बोलत होता. तेव्हाच्या फोनमध्ये आपलाच आवाज घोळून परत कानात यायचा, त्यामुळे मामा प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. "अण्णा गेले. काल संध्याकाळी. सगळं उरकलं." बाबा नुसतं बरं म्हणाले. मग मामा म्हणाला की ताईला येता तर येणार नाही, तेव्हा कसं आणि कधी सांगायचं ते तुम्हीच बघा. बाबा पुन्हा बरं म्हणाले. मी फोन इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही असं मला वाटलं, पण खाली आले तेव्हा बाबा जिन्याशी उभे होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तू ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आलीस आणि विचारलंस, कोणाचा फोन होता. बाबा म्हणाले, गिरणीतून. तू लगेच म्हणालीस की आता पुन्हा कॅन्सल केलंत तर मी एकटी ड्राइव्ह करत जाईन. बाबा म्हणाले, नाही, निघू या.

तू त्यांना पुढे दोषी ठरवलंस ते ठरवलंस, पण एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. आपल्या लोकांत तेव्हा सगळेच हे करायचे. परीक्षा होऊ दे, बाळंतपण होऊ दे, कार्य होऊ दे, मग सांगू. अटलांटाच्या एका काकूंना त्यांची आई गेल्याचं बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर सांगितलं होतं, आणि ती गोष्ट तूच जेवणाच्या टेबलावर सांगितली होतीस, चूक म्हणून नव्हे, किती सांभाळून घेतलं त्यांच्या मिस्टरांनी म्हणून. इतक्या लांब राहायचं तर वाईट बातमी जरा मुरू द्यायची, ही रीतच पडली होती. बाबांनी नवं काही शोधून काढलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आपण चार्ल्सटनजवळचा तो अवाढव्य ओक पाहिला, ज्याच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर जातात. तू त्याच्याभोवती फिरून आलीस आणि म्हणालीस, आपल्या वडाला पारंब्या लागतात, हा तसाच पसरलाय, निर्लज्ज. मग हायवे सतरावर एका टपरीवर पाटी दिसली आणि तू बाबांना गाडी थांबवायला लावलीस, कारण तिथे मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात भुईमुगाच्या शेंगा उकडत होत्या. अमेरिकेत उकडलेल्या शेंगा! तुला इतका आनंद कशानेच झाला नव्हता. विकणारी बाई तुझ्या कुंकवाकडे बघत होती आणि तू तिला तुझ्या इंग्रजीत समजावत होतीस की आमच्याकडे अशाच करतात, सेम टू सेम. ती म्हणाली, "वेल, देन यू आर होम, हनी." तू हे वाक्य दिवसभर म्हणून दाखवत होतीस. पुढे पूल आला आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत हिरवं-पिवळं गवत आणि त्यात वळत गेलेलं पाणी पसरलं, तेव्हा तू काच खाली केलीस. मग म्हणालीस, खाजण. हे बघ, अण्णांचं खाजण. संध्याकाळी सव्हानाच्या मोटेलमध्ये तू पहिलं पिक्चर पोस्टकार्ड लिहिलंस. ती. अण्णांस शि. सा. न. प्रश्न दुसरा, उत्तर: आहे, आणि भरपूर आहे. बाबा म्हणाले, दे, मी ऑफिसातल्या पेटीत टाकून येतो. मी खिडकीतून पाहत होते. ते ऑफिसात गेलेच नाहीत. गाडीपाशी गेले, समोरचा कप्पा उघडला आणि बंद केला.

मी काय करत होते, असं तू विचारलं असतंस. मी मूग गिळून बसले होते. मला दुःख झालं होतं का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आजोबा माझ्यासाठी लाल शाई आणि निळा कागद होते. पण तू काहीही बोललीस की मी बाबांकडे बघायचे आणि बाबा रस्त्याकडे बघायचे, हे मला स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी दीपस्तंभ. पावणेदोनशे पायऱ्या तू मोजत चढलीस आणि वर पोचल्यावर वाऱ्याने तुझा पदर बाबांच्या तोंडावर आला, त्याचा फोटो मी काढला आहे. दुपारी जेकिल बेटावर गेलो, जिथे समुद्राने झाडं मुळासकट उपटून वाळूत टाकली आहेत आणि ती पांढरी पडून तशीच पडलेली आहेत. लोक तिथे सुंदर म्हणून फोटो काढतात. तू एका बुंध्यावर बसलीस, डबा उघडलास आणि तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्यावर बेसनाचे लाडू काढलेस. बाबांनी लाडू घेतला नाही. आदल्या दिवशीही घेतला नव्हता. तू म्हणालीस, तुमच्या आवडीचे म्हणून पहाटे उठून वळलेत. त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं. त्यांनी दाढीही केली नव्हती, आणि त्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस की सुट्टी यांच्या अंगात आलीय, आता केसही वाढवतील. मी हसले. तूही हसत दुसरा लाडू घेतलास. बाबांनी समुद्राकडे तोंड करून बूट झटकले. दुसरं पोस्टकार्ड तू तिथेच, मांडीवर पर्स ठेवून लिहिलंस: इथे समुद्र आत येतो आहे, अण्णा, झाडं खाली पडत आहेत, पण कुणी उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी आपण फ्लोरिडात, इथे सेंट ऑगस्टीनला आलो. किल्ल्याचा दगड शिंपल्यांचा आहे, लाखो शिंपले दाबून झालेला, आणि तिथल्या रेंजरने सांगितलं की तोफेचा गोळा लागला तरी ही भिंत फुटत नसे, गोळाच आत रुतून बसत असे. तू भिंतीवर तळवा ठेवून म्हणालीस, हे अण्णांना माहीत नसणार. त्यांना ठाऊक नसलेलं काही आपल्याला सापडलं याचा तुला अभिमान वाटला होता, शाळकरी मुलीसारखा. नंतर तो तारुण्याचा झरा. कोण्या स्पॅनिश सरदाराला तो सापडला अशी दंतकथा आहे, आणि कागदी पेल्यात पाणी देतात. पाण्याला गंधकाचा वास. तू एक घोट घेऊन तोंड वाकडं केलंस, मग थर्मासमधला उरलेला चहा झाडाखाली ओतून त्यात ते पाणी भरून घेतलंस. काशीहून गंगेचं आणतात, मी फ्लोरिडाहून हे नेईन, पुढच्या वर्षी जाऊ तेव्हा अण्णांना पाजीन, असं म्हणालीस. बाबा थर्मासचं झाकण लावायला पुढे झाले आणि त्यांना ते लागेना. तू त्यांच्या हातातून घेतलंस आणि एका फिरकीत लावलंस. दुपारी डॉल्फिन पाहिले. पहिल्या रांगेत बसायचा हट्ट माझा होता, आणि उडालेल्या पाण्याने आपण तिघंही भिजलो. संध्याकाळी तू आणखी दोन पोस्टकार्डं लिहून बाबांकडे टाकायला दिलीस.

चौथ्या दिवशी परतीला बाबांनी मोठा हायवे धरला. जॉर्जियाची हद्द लागायच्या जरा आधी तुला शिंक आली आणि तू टिश्यू काढायला समोरचा कप्पा उघडलास. टिश्यूच्या डब्याखाली तुझी पोस्टकार्डं होती, चारही, तिकिटं लावलेली. तू ती बाहेर काढलीस, पत्त्यांसारखी हातात धरलीस आणि विचारलंस, हे काय, टाकली का नाहीत. बाबा काहीतरी म्हणाले, विसरलो असं. तू म्हणालीस की चार वेळा कुणी विसरत नाही. मला वाटतं पुढच्या एक-दीड मैलातच तुला सगळं कळलं. जॉर्जियाच्या स्वागत केंद्राची पाटी आली तशी बाबांनी गाडी आत घेतली, झाडाखाली लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता सांगितलं.

तू रडली नाहीस. तू विचारलंस, कधी. बाबांनी वार सांगितला. तू बोटांवर मोजलंस. शास्त्रात नेमकं काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात, पण तुझ्या माहेरी काय मानायचे ते तू त्या दिवशी सांगितलंस, आणि सांगताना तुझा आवाज अगदी सपाट होता.

"लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवस. माझ्या वाट्याला तेवढेच होते."

बाबा म्हणाले की तू कोसळली असतीस, इथे आपलं कोण होतं, आणि जाऊनही तो चेहरा दिसला नसताच. तू त्यांच्या गालांवरच्या चार दिवसांच्या खुंटांकडे बघत होतीस. लाडूचं तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

"तुम्ही पाळलंत," तू म्हणालीस. "माझ्या वडिलांचं तुम्ही पाळलंत, आणि मला लाडू खाऊ दिलेत. हे तुम्ही ठरवलंत?"

"हो," बाबा म्हणाले. "मी ठरवलं."

तू गाडीतून उतरलीस आणि चालत केंद्राच्या इमारतीत गेलीस. बाबांनी मला तुझ्यामागे पाठवलं. बायकांच्या वॉशरूममध्ये तू बांगड्या कोपरापर्यंत सरकवून बेसिनच्या नळाखाली डोकं धरलं होतंस आणि ओंजळीने पाणी डोक्यावरून घेत होतीस. नळ दाबून धरावा लागणारा होता, सोडला की बंद व्हायचा. म्हणून एका हाताने नळ दाबायचा आणि दुसऱ्या हाताने जेवढं येईल तेवढं पाणी घ्यायचं, असं तू करत होतीस. मी पुढे होऊन नळ दाबून धरला. दोन बायका मागे थांबल्या आणि निघून गेल्या. पत्रकं वाटणारी म्हातारी बाई आत आली, तिने पाहिलं, आणि कागदी टॉवेलचा अख्खा गठ्ठा आणून माझ्या हातात दिला. पाणी तुझ्या मानेवरून ब्लाऊजमध्ये जात होतं, आणि तू एकदाच, कोणाला उद्देशून ते मला कळलं नाही, म्हणालीस, "पेपर अर्धाच राहिला." तेव्हा मी रडले. तू नाही. टॉवेलांनी तू आधी माझं तोंड पुसलंस.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. दिवस गेले, गिरणी बंद पडली, बाबांनी दुसरीकडे नोकरी धरली, मी कॉलेजला गेले. लोकांना तुमचं छान चाललेलं दिसत असे आणि बऱ्याच अंशी ते होतंही. पण त्या दिवसानंतर तू एकही पत्र बाबांच्या हाती टाकायला दिलं नाहीस. पावसात, आजारपणात, स्वतः पोस्टात जायचीस. सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की तुला काम निघायचं. आणि मग काही वर्षांनी नागपूरहून बाबांचे मोठे भाऊ गेल्याचा फोन आला. बाबा ताटावर बसले होते. मी त्या सुट्टीत घरी होते. पानावरच्या माणसाला अशी बातमी सांगत नाहीत, घास होऊ देतात, हे तूच मला शिकवलं होतंस. तू फोन ठेवलास, टेबलापाशी आलीस आणि उभ्याउभ्याच सांगितलंस, तुमचे दादा गेले. बाबांच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला, हात धुतले आणि तुझ्याकडे बघून मान हलवली, पटलं अशी. मला त्या क्षणी तुझा राग आला होता, आई. अजूनही येतो. पण तो राग मी तुझ्यावर काढणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, ते का ते आता सांगते.

जेकिल बेटावर त्या दुसऱ्या संध्याकाळी तू खोलीत खिचडी लावत होतीस आणि बाबा बर्फ आणायला निघाले. मी बरोबर गेले. बर्फाचं मशीन मोटेलच्या टोकाला जिन्याखाली होतं. बाबांनी बादली भरली, पण ते निघेनात. मग ते खाली बसले, माझ्या उंचीला आले, आणि म्हणाले की मला हे जमत नाहीये, आज आईला सांगतो, उद्या सकाळी घरी परत जाऊ, सांगू ना? ते मला खरंच विचारत होते. त्यांना कोणीतरी सांग म्हणायला हवं होतं, आणि त्या अख्ख्या किनाऱ्यावर ते माहीत असणारी दुसरी व्यक्ती मीच होते. मी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं, कारण मला हवं ते मागताना मी इंग्रजीतच बोलायचे.

"बट द डॉल्फिन्स आर टुमॉरो."

त्यांनी बादली उचलली. मग म्हणाले, बरं. मामाला म्हटलं होतं तसंच. आणि दोन दिवसांनी गाडीत तू विचारलंस तेव्हा त्यांनी आरशातसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे वीस वर्षं तू त्यांना जे बोललीस आणि जे बोलली नाहीस, ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मला त्यांनी याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही, ते हॉस्पिटलात होते तेव्हा, नंतर तू होतीस तेव्हा, कधी ब्र काढला नाही. तुला सांगायला माझ्याकडे पुष्कळ दिवस होते. आधी कॉलेज होऊ दे म्हटलं, मग लग्न होऊ दे, मग तुझं ऑपरेशन होऊ दे.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही, मी ते पाठवणार नाहीच. लॉबीतली मुलगी हसून म्हणाली की वादळानंतर बरंच बंद आहे, पण किल्ला उघडा आहे. मी उद्या जाणार नाही, मला तीन घरं बघायची आहेत. एवढंच अजून लिहायचं राहिलं. मी दहा वर्षांची होते हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, आणि ते खरं आहे. पण हेही खरं आहे की डॉल्फिन मला फार आवडले, आई. शो चालू होता तेवढा वेळ मला आजोबांची एकदाही आठवण झाली नाही.